खडू दुसऱ्याच्या हाती

(शाश्वत विकास या विषयावरील आंतरराष्ट्रीय कार्यशाळांत प्रशिक्षक म्हणून दीर्घकाळ काम केलेल्या एका अभ्यासकाने तरुण प्रशिक्षकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



'आंतरराष्ट्रीय कार्यशाळांनी प्रशिक्षकाला काय दिले?' हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. या प्रश्नाची काही उत्तरे सहज देता येतील. परदेशप्रवास घडला, ओळखी वाढल्या, प्रमाणपत्रे मिळाली, मानधनाचा आकडा वाढला. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु त्यांतून व्यवसायाचा विस्तार कळतो, प्रशिक्षकाची वाढ कळत नाही. वेल मांडवभर पसरली म्हणून तिला फळ धरतेच असे नाही. म्हणून आज मी विस्ताराविषयी न बोलता फळाविषयी बोलणार आहे. प्रशिक्षक खऱ्या अर्थाने वाढतो म्हणजे त्याच्यात नेमके काय बदलते, हे माझ्या कामातील काही उदाहरणांच्या आधारे आपल्यासमोर ठेवण्याचा माझा प्रयत्न आहे.

आपण महाराष्ट्रातली माणसे. उत्तम बोलणाऱ्याचा आपल्याकडे मोठा सन्मान होतो. कीर्तनकाराची परंपरा आपल्याकडे शतकानुशतकांची आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि गावोगावच्या व्याख्यानमालांनी त्यानंतर महाराष्ट्राचे मन घडविले. साहजिकच प्रशिक्षक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वक्ता उभा राहतो. विषयाची तयारी, ओघवती वाणी, नेमके दाखले आणि शेवटी टाळ्या. व्याख्यानाला हे सर्व शोभते. कार्यशाळेचे शास्त्र मात्र निराळे आहे. तेथे समोर बसलेला माणूस श्रोता नसतो, तो सहभागी असतो. आणि प्रशिक्षक 'सुलभक' असतो. समोरच्यांना एकत्र विचार करणे, निर्णय घेणे आणि त्या निर्णयाचा परिणाम पाहणे सुलभ व्हावे, एवढेच त्याचे काम. हे वाक्य उच्चारायला सोपे आहे. ते अंगी मुरायला मला कित्येक वर्षे आणि अनेक देशांतील माणसे लागली.

शब्दापासून सुरुवात

आंतरराष्ट्रीय कार्यशाळेतील पहिली अडचण शब्दाची असते. ज्याला आपण 'शाश्वत विकास' म्हणतो, त्याची सर्वपरिचित व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलांड आयोगाच्या अहवालात आली. भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याची क्षमता धोक्यात न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागविणारा विकास, असा तिचा आशय आहे. ही व्याख्या फळ्यावर लिहिली की सर्वजण माना डोलावतात आणि वहीत उतरवून घेतात. पण व्याख्या वहीत गेली म्हणजे मनात उतरली असे होत नाही.

म्हणून मी पुढे एक प्रथा पाडली. आरंभीच प्रत्येकाला विचारायचे, 'तुमच्या आजीच्या भाषेत यासाठी कोणता शब्द आहे?' मग खोलीत जाग येते. जर्मन सहभागी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याची गोष्ट सांगतो. सॅक्सनीतील खाणींचा हा प्रशासक. चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लागणाऱ्या लाकडापायी जंगले संपत चालली होती, तेव्हा १७१३ मध्ये त्याने ग्रंथ लिहून आग्रह धरला, की जेवढे लाकूड नव्याने वाढते तेवढेच तोडावे. आज जगभर फिरणाऱ्या कल्पनेचे एक मूळ असे लाकूडतोडीच्या हिशेबात आहे. फ्रेंच माणूस 'टिकाऊ' या अर्थाचा शब्द वापरतो. आणि आपण? आपला 'शाश्वत' हा शब्द भारदस्त खरा. परंतु आपल्या विचारपरंपरेत जे बदलत नाही ते शाश्वत. येथे तर अभिप्रेत आहे ते नित्य नवे होत राहणे. आपल्या खेड्यातील माणूस हीच गोष्ट अधिक नेमकी सांगतो. मुद्दलाला हात लावू नये, व्याजावर भागवावे. कितीही ओढग्रस्त असली तरी पेरणीचे बियाणे दळायला काढू नये. कार्लोविट्झचा सिद्धान्त आणि आपल्या शेतकऱ्याचे शहाणपण यांत अंतर उरले आहे का, ते आपणच ठरवावे.

यातून प्रशिक्षक काय शिकतो? संकल्पना बाहेरून आणून माणसाच्या डोक्यात ठेवायची नसते. ती बहुधा त्याच्याजवळ असते, दुसऱ्या नावाने असते. त्या नावापर्यंत पोहोचणे हे आपले काम.

मासे संपतात तेव्हा

आता एका खेळाविषयी सांगतो. त्याचे नाव 'फिशबँक्स'. तो रचला डेनिस मेडोज यांनी. १९७२ मध्ये 'लिमिट्स टू ग्रोथ' या ग्रंथाने जगभर खळबळ उडविली, त्याच्या लेखकांपैकी ते एक. खेळाची रचना साधी आहे. सहभागींचे गट पाडायचे. प्रत्येक गट म्हणजे मासेमारीची एक कंपनी. दरवर्षी जहाजे विकत घ्यायची, लिलावात बोली लावायची, जहाजे खोल समुद्रात पाठवायची, किनाऱ्याजवळ पाठवायची की बंदरात ठेवायची ते ठरवायचे. खेळाच्या अखेरीस ज्याची मालमत्ता सर्वांत जास्त, तो विजयी. समुद्रात मासे किती उरले, हे कुणालाच दिसत नाही. दिसते ती फक्त स्वतःच्या जाळ्यात आलेली मासळी.

खेळ सुरू झाला की काय होते? पहिली काही वर्षे भरभराट. सगळे जहाजे वाढवितात. मग मासळी घटू लागते. ती भरून काढण्यासाठी आणखी जहाजे. आणि एका वर्षी जाळी रिकामी येतात. मी हा खेळ बँक अधिकाऱ्यांबरोबर खेळलो, विद्यार्थ्यांबरोबर खेळलो, पर्यावरणाच्या प्राध्यापकांबरोबरही खेळलो. बहुतेक वेळा समुद्र ओस पडला. यात कुणी दुष्ट नव्हते. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या जागी शहाणपणाचा होता. सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र सर्वनाशात झाली.

हे केवळ खेळात घडत नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासळीची मासेमारी शतकानुशतके चालत आली होती. तो साठा इतका खालावला की २ जुलै १९९२ रोजी तेथील सरकारला बंदी घालावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचे काम गेले. ही बंदी आरंभी दोन वर्षांची होती. प्रत्यक्षात ती उठायला २०२४ साल उजाडले, आणि तेव्हाही परवानगी मिळाली ती मर्यादित मासेमारीची.

खेळ संपल्यावर जे संभाषण होते, तीच खरी कार्यशाळा. येथे प्रशिक्षकाची कसोटी लागते. मासे संपलेले असतात, गट एकमेकांकडे बोट दाखवीत असतात, आणि तुमच्या खिशात तात्पर्य तयार असते. ते बाहेर काढण्याचा मोह अनावर होतो. तो आवरायचा. 'काय झाले?' एवढेच विचारायचे आणि थांबायचे. ती शांतता दहा सेकंदांची असली तरी प्रशिक्षकाला घटकाभराची वाटते. पण त्या शांततेतच कुणीतरी म्हणतो, 'आम्ही एकदाही एकत्र बसून बोललो नाही. आणि बोलू नका असे तर नियमात कुठेच नव्हते.' हे वाक्य मी माझ्या तोंडून सांगितले असते तर ते वहीत गेले असते. त्यांच्यातल्याच एकाने सांगितले म्हणून ते मनात गेले.

श्रीलंकेतील एका कार्यशाळेत हिंदी महासागराच्या काठच्या देशांतील माणसे होती. काही अधिकारी, काही अभ्यासक आणि काही प्रत्यक्ष मासेमारी करणारे. खेळ संपला, मासे संपले, चर्चा रंगली. जहाजे बंदरात ठेवायला हवी होती, यावर अधिकारी आणि अभ्यासक यांचे एकमत झाले. तेव्हा एक प्रौढ मच्छीमार दुभाष्यामार्फत शांतपणे म्हणाला, 'बंदरात उभ्या असलेल्या होडीचाही हप्ता भरावा लागतो.' खोली स्तब्ध झाली. दोन दिवसांच्या चर्चेत कर्ज हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. होडी कर्जाची, कर्जाला व्याज, व्याजाला तारीख. माशांच्या विणीच्या हंगामाशी त्या तारखेचे काही देणेघेणे नाही. समुद्र का रिता होतो, याचे एक मोठे कारण त्या एका वाक्यात होते. त्यानंतरचा सारा दिवस त्या वाक्याभोवती फिरला. बंदीच्या काळात हप्ता पुढे ढकलता येईल का, सहकारी संस्थेने काय करावे, बँकेने काय करावे, यावर तेथे बसलेल्या अधिकाऱ्यांनीच मांडणी केली. मी आखलेले त्या दिवसाचे वेळापत्रक बाजूला राहिले, आणि तो दिवस माझ्या आजवरच्या कामातील सर्वांत फलदायी दिवसांपैकी एक ठरला.

मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो आहे. आपण प्रशिक्षक दोन दिवसांनी सामान आवरून निघून जातो. समोरच्या माणसाची उपजीविका तेथेच राहते. ज्याचे पोट पणाला लागले आहे, त्याच्यासमोर उभे राहून संयमाचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तो अधिकार कोणत्याही प्रमाणपत्राने मिळत नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी असेल तरच तो थोडाफार मिळतो.

माहिती आणि कळकळ

माहिती दिली की माणूस बदलतो, अशी आपली एक समजूत असते. तिची तपासणी झालेली आहे. 'वर्ल्ड क्लायमेट' नावाची एक कार्यशाळा जगभर घेतली जाते. सहभागी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन हवामानविषयक वाटाघाटी करतात. त्यांचे निर्णय संगणकातील प्रतिरूपात भरले जातात आणि शतकाच्या अखेरीस तापमान किती वाढेल ते लगेच समोर येते. पहिल्या फेरीतील आकडा पाहून सर्वांचे चेहरे उतरतात, आणि मग खऱ्या वाटाघाटी सुरू होतात. आठ देशांतील २,०४२ सहभागींवर केलेला या कार्यशाळेचा अभ्यास २०१८ मध्ये 'प्लॉस वन' या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. ८१ टक्के सहभागींमध्ये हवामानबदलाविरुद्ध काही करण्याची प्रेरणा वाढलेली दिसली. अधिक महत्त्वाचा निष्कर्ष पुढे आहे. कृतीच्या इच्छेचा संबंध ज्ञानातील वाढीपेक्षा विषयाची निकड जाणवण्याशी अधिक होता. आपल्या भाषेत सांगायचे तर, कळण्याबरोबर कळकळ आली तरच पाऊल उचलले जाते.

याच कार्यशाळेतून मला आणखी एक धडा मिळाला. तिच्या मार्गदर्शिकेत सूचना आहे, की श्रीमंत देशांच्या प्रतिनिधींना टेबल-खुर्च्या आणि खाद्यपदार्थ द्यावेत आणि गरीब देशांच्या प्रतिनिधींना जमिनीवर बसवावे. विषमता अंगाला जाणवावी हा हेतू. अनेक देशांत तो साधतो. भारतात मात्र जमिनीवर बसविलेला गट निवांत मांडी घालतो आणि मजेत गप्पा मारू लागतो! आपल्याकडे पंगत जमिनीवर बसते, भजन जमिनीवर बसते, सत्पुरुषासमोर लक्षाधीशही जमिनीवर बसतो. जमिनीवर बसणे हा येथे अपमान नाहीच. मग येथील माणसाला विषमता कशात जाणवते? साहेबाच्या दाराबाहेर ताटकळण्यात. म्हणून आपल्याकडे मी त्या गटाला दाराबाहेर उभे ठेवतो आणि त्यांचे म्हणणे चिठ्ठीवर लिहून आत पाठवायला सांगतो. पाच मिनिटांत संताप उसळतो आणि मग चर्चेला धार येते. साधन कुठूनही घ्यावे, परंतु ते ज्या मातीत वापरायचे तिची नाडी ओळखून वापरावे. परदेशी पद्धत जशीच्या तशी आणणे ही नक्कल झाली. परदेशी म्हणून झिडकारणे हा आळस झाला.

आपल्या अंगणातील रांगोळी

आणि परदेशी तरी कशाला म्हणायचे, हाही प्रश्न आहे. आज जगभरच्या कार्यशाळांत लोक जमिनीवर आपल्या गावाचा नकाशा काढतात, बिया मांडून पिकांची तुलना करतात, हंगामाचा आलेख रेखाटतात. 'सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन' या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि ब्रिटनमधील ससेक्स येथील अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. परंतु तिची जडणघडण ज्या ठिकाणी झाली, त्यांत १९८० च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक आणि गुजरातमधील खेड्यांचा मोठा वाटा होता. तेथील संस्थांनी गावकऱ्यांना कागद-पेन्सिल देण्याऐवजी जमीन आणि रांगोळी दिली. ज्या बाईने कधी सही केली नव्हती, तिने गावातील प्रत्येक विहीर, प्रत्येक घर आणि पाण्याचा प्रत्येक ओघळ रांगोळीने काढून दाखविला. आपल्या अंगणातील रांगोळी अशी जगाच्या प्रशिक्षणशास्त्रात पोहोचली.

या पद्धतीचे ब्रीद आहे, 'काठी दुसऱ्याच्या हाती द्या.' ज्या काठीने जमिनीवर रेघ ओढायची, ती तज्ज्ञाच्या हातून गावकऱ्याच्या हाती गेली पाहिजे. मी तिला खडू म्हणतो. खडू हातात असला की आपण गुरुजी असतो. सगळ्यांची तोंडे आपल्याकडे असतात. तो दुसऱ्याच्या हाती दिला की तोंडे एकमेकांकडे वळतात. प्रशिक्षकाची सारी वाढ मला या एका कृतीत दिसते.

फड आणि त्याचे सोयरे

एका कार्यशाळेत सामाईक साधनसंपत्तीवर चर्चा होती. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडले होते, की सामाईक कुरण हे अखेर उजाड होणारच. या मताला अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अभ्यासाने उत्तर दिले. अनेक देशांत लोकांनी स्वतः नियम करून जंगले, कुरणे आणि पाणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे, हे त्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. २००९ मध्ये अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला.

त्या चर्चेत मी आपल्या धुळे-नाशिक भागातील फड पद्धती मांडली. पांझरा आणि मोसम या नद्यांवर बंधारे, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एकच पीक. शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विभागलेल्या, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला तर तोटा एकट्यादुकट्यावर येत नाही, तो वाटला जातो. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. कागदावरच्या कायद्याआधी चालत आलेली ही शिस्त.

मी बोलून थांबलो आणि खोलीतून एकेक हात वर आला. बालीचा प्रतिनिधी 'सुबाक'विषयी बोलू लागला. भातखाचरांचे पाणी मंदिरांच्या साक्षीने वाटणारी ही व्यवस्था २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. फिलिपिन्सच्या उत्तरेकडील सहभागी 'सांहेरा' या पाटबंधारे मंडळांविषयी बोलला. स्पेनच्या बाईंनी व्हॅलेन्सियाच्या पाणी-न्यायालयाचे वर्णन केले. ते दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात भरते आणि शेतकऱ्यांनी निवडलेले पंच तोंडी निवाडा देतात. चार देशांतील माणसांनी पाण्यासमोर एकच शहाणपण शोधले होते. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगावा तो असा, की तो ऐकून दुसऱ्यालाही त्याची परंपरा आठवली पाहिजे.

मात्र कुणीतरी लगेच विचारले, 'तुमचे फड आज कसे आहेत?' या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देऊन चालत नाही. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि पंप आले, पाणी ही सामाईक गोष्ट न राहता ज्याच्या-त्याच्या मोटारीची गोष्ट झाली आणि अनेक ठिकाणी फडांची शिस्त सैल झाली. दुसरीकडे हिवरे बाजारसारखे गाव दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पावसाच्या हिशेबाने पिके ठरविते. जुने शहाणपण नव्या रूपात उभे करता येते, याचे ते चालते-बोलते उदाहरण आहे. दोन्ही गोष्टी सांगाव्यात. यशाबरोबर पडझडही सांगणाऱ्या प्रशिक्षकावर लोक विश्वास ठेवतात.

निघून आल्यानंतर

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड मुद्दा. कार्यशाळेच्या अखेरीस सहभागी अभिप्रायाचा कागद भरतात. 'उत्तम', 'प्रेरणादायी' असे शेरे मिळतात. त्या शेऱ्यांवर आपण आपली प्रगती मोजू लागलो तर आपण पुन्हा टाळ्यांकडे वळलो असे समजावे. मी शेवटच्या तासाला प्रत्येकाकडून तीन गोष्टी लिहून घेतो. येत्या महिन्यात काय करणार, कुणाबरोबर करणार आणि त्यासाठी काय सोडणार. तिसऱ्या प्रश्नाशी लेखणी अडते. सहा महिन्यांनी मी त्यांना पुन्हा विचारतो. सगळेच काही करीत नाहीत. परंतु जे करतात, त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ गावातील किंवा कार्यालयातील एक तरी साथीदार असतो. म्हणून आता मी एकट्या माणसाला बोलावण्याऐवजी एका ठिकाणची दोघे बोलवा, असा आग्रह धरतो.

तसेच, ऊर्जेची उधळपट्टी थांबवा असे सांगायला आपण हजारो किलोमीटर विमानाने जातो, ही विसंगती सहभागींच्या लक्षात येत नाही असे समजू नका. २०२० च्या महासाथीत पडद्यावरून कार्यशाळा घ्याव्या लागल्या आणि पुष्कळ काम तसेही होते हे कळले. आज मी निमंत्रण आले की आधी विचारतो, 'तेथे हे काम करू शकेल असा स्थानिक माणूस आहे का?' असेल तर त्याला तयार करण्यासाठी पडद्यावरून वेळ देतो. असे केल्याने माझे प्रवास कमी झाले. माझ्या हातून तयार झालेले प्रशिक्षक मात्र वाढले. आणि ही व्यावसायिक वाढ मला अधिक मोलाची वाटते.

तरुण मित्रांनो, तुम्हाला आंतरराष्ट्रीय व्यासपीठ मिळेल, अवश्य मिळो. तेथे जाताना आपली भाषा, आपली फडाची गोष्ट, आपले बियाणे राखण्याचे शहाणपण बरोबर न्या. येताना दुसऱ्याचे शहाणपण घेऊन या. विषयाचा अभ्यास पक्का ठेवा; कारण ज्याला खूप ठाऊक आहे त्यालाच योग्य वेळी गप्प बसता येते. आणि प्रत्येक कार्यशाळेच्या आधी स्वतःला एकच विचारा, 'या दोन दिवसांत खडू माझ्या हातून कधी सुटणार आहे?' तो क्षण जितका लवकर येईल, तितके तुमचे काम पुढे गेले असे समजा.

 माझे बोलणे येथे थांबवितो. आता आपण बोला, मी ऐकतो.